टांगणी

इंग्रजी व्याकरणाच्या तासाला 'हँग' ह्या क्रियापदाची भूतकाळी रूपे आली म्हणजे झोपाळू वर्गातही थोडी हालचाल होते, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. चित्र, कोट, कंदील ह्यांस 'हंग' म्हणावे आणि मनुष्य फासावर गेला असेल तर त्यास 'हँग्ड' म्हणावे, असा नियम मी सांगतो. मरणाच्या दारातदेखील व्याकरणाने मनुष्याला कोटाहून वेगळे ठेवले आहे, एवढा एक ठरीव विनोद करतो आणि पुढच्या क्रियापदाकडे वळतो. परवा मात्र पहिल्या बाकावरील एका मुलीने मला वळू दिले नाही.

"सर, 'सस्पेंड' ह्याचाही मूळ अर्थ टांगणे असाच ना?" तिने विचारले.

मी होय म्हणालो.

"मग नोकरीतून सस्पेंड झालेला मनुष्य कोणत्या नियमात बसतो? कोटाच्या, की फासाच्या?"

वर्ग खळखळून हसला. मलाही हसू आले, पण एक क्षण उशिरा आले. हा प्रश्न मी स्वतः अकरा वर्षांचा असताना विचारला होता, आणि तेव्हा तो मला विनोदाचा वाटला नव्हता.

ते १९७९ साल. आम्ही तालुक्याच्या गावी राहत होतो. माझे वडील, अण्णा, तेथल्या एका सरकारी कचेरीत दप्तर सांभाळीत. आषाढातल्या एका दुपारी ते नेहमीच्या वेळेपूर्वीच घरी आले. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली, कचेरीची कातडी पिशवी खुंटीला टांगली आणि कोणाशी काही न बोलता पाटावर बसून राहिले. संध्याकाळी काका आले. मग आई, काका आणि आजी ह्यांची माजघरात कुजबुज सुरू झाली. जमिनीच्या मोजणीचे कसलेसे कागद दप्तरातून गहाळ झाले होते आणि ज्याच्या ताब्यात दप्तर त्याच्या माथी ते आले होते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले. त्या संध्याकाळी माझ्या कानी पडला तो एकच शब्द, 'सस्पेंड'.

घरात काकांच्या कॉलेजच्या दिवसांतला एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश होता. मी तो दिव्याखाली उघडला. पहिलाच अर्थ छापला होता: टांगणे, लटकावणे. अकरा वर्षांचा मुलगा दुसऱ्या अर्थापर्यंत जात नाही. मी कोश मिटला. रात्री आजीच्या कुशीत शिरून मी तिला विचारले, "आजी, अण्णांना फाशी देणार का गं?" आजीने आधी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग मला इतके घट्ट धरले की माझी भीती दुप्पट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला मागीलदारी बोलाविले. आजीने त्यांना सांगितले असावे. पावसामुळे धुणे पडवीत दांडीवर घातले होते. तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "अरे, हे धोतर टांगलेलेच आहे ना? वाळले म्हणजे काढून घेतात. तसे आहे ते." माझे समाधान झाले. आषाढात धोतर वाळावयास तीन दिवस लागत; अण्णांना चौदा महिने लागले.

निलंबन ही शिक्षा नव्हे, असे सेवाशर्तींचे नियम आणि न्यायालये एकमुखाने सांगत आली आहेत. चौकशी नीट व्हावी, पुराव्यास धक्का लागू नये, म्हणून मनुष्याला काही काळ बाजूला ठेवावयाचे, एवढाच त्यातला हेतू. तत्त्व म्हणून ह्यात वावगे काही नाही. पण ज्या घरात असा मनुष्य बसलेला असतो त्या घराला हे तत्त्व समजावून सांगणे कठीण आहे. आरंभी अर्ध्या पगाराच्या रजेइतका निर्वाहभत्ता मिळतो. तो हाती पडावा म्हणून आपण दुसरीकडे कोठेही नोकरी अगर धंदा करीत नाही, असे लिहून द्यावे लागते. परवानगीवाचून मुख्यालय सोडता येत नाही. त्या वर्षी गौरीगणपतीला आम्ही आजोळी गेलो नाही, ह्याचे कारण मुलांना 'अण्णांना बरे नाही' असे सांगण्यात आले. अण्णा चांगले धडधाकट होते. रोज सकाळी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून ते बाहेरच्या खोलीत बसत, आणि दहाच्या सुमारास त्यांची नजर त्या खुंटीवरच्या पिशवीकडे जाई.

दिवाळीच्या आधी आईने पाटल्या मोडल्या.

ती मला बरोबर घेऊन गेली होती. सोनाराच्या पेढीवर काचेच्या पेटीत एक लहानसा तराजू होता. त्याची पितळी पारडी रेशमी दोऱ्यांना टांगली होती. सोनाराने पाटल्या एका पारड्यात ठेविल्या, दुसऱ्यात ग्रॅमची वजने टाकिली. तोंडाने मात्र तो तोळ्यांचाच हिशोब बोलत होता. चार तोळे भरल्या. मला आठवतो तो त्यानंतरचा क्षण. पारडी वरखाली होत होती, सोनाराने श्वास रोखून धरला होता, आणि काटा स्थिर होईपर्यंत आईदेखील हलली नाही. पारडे अधांतरी असल्यावाचून वजन कळत नाही. जमिनीला टेकले की तराजूचा उपयोग संपला. हे त्या वयात माझ्या लक्षात आले असे मी म्हणणार नाही. लक्षात आले ते दहा वर्षांनंतर, स्कीटसाहेबांचा व्युत्पत्तिकोश हाती लागला तेव्हा. हा कोश १८८२ साली पुरा झाला. त्यातली पुष्कळशी मते आता जुनी झाली असली, तरी कादंबरीसारखा वाचावा असा तो ग्रंथ आहे. मी अर्थातच प्रथम 'सस्पेंड' उघडला.

लॅटिनमध्ये 'पेन्देरे' ह्या रूपाची दोन क्रियापदे आहेत. एकात मधला एकार दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व. दीर्घ असेल तर अर्थ लोंबणे. ऱ्हस्व असेल तर टांगणे. आपल्या मरणे-मारणे, पडणे-पाडणे ह्यांसारखीच ही अकर्मक-सकर्मक जोडी आहे. 'सस्पेंड' मध्ये ह्या धातूमागे 'सब्', म्हणजे खालून, हा उपसर्ग लागला आहे: खालून उचलून वर टांगणे. येथवर आश्चर्य काही नाही. आश्चर्य पुढे आहे. ह्या सकर्मक 'पेन्देरे'चा अर्थ केवळ टांगणे नव्हे. तोलणे असाही आहे, आणि पैसे चुकते करणे असाही आहे. सोनाराच्या पेढीवर मी जे पाहिले होते ते रोमन लोकांनी एका क्रियापदात भरून ठेविले होते. टांगल्यावाचून तोलणे नाही, आणि तोलल्यावाचून देणेघेणे नाही.

फार प्राचीन काळी रोममध्ये नाणे नव्हते. तांब्याकाश्याचे ओबडधोबड तुकडे तोलून व्यवहार होत. पुढे नाणी आली, तरी जमीन, गुलाम किंवा बैल विकत घ्यावयाचा तर जुना विधी करावाच लागे. पाच साक्षीदार आणि तराजू धरणारा सहावा मनुष्य ह्यांच्यासमोर विकत घेणारा ठरलेली वाक्ये उच्चारी, हातातला काश्याचा तुकडा तराजूवर वाजवी आणि तो किमतीदाखल विकणाऱ्याच्या हाती देई. त्यात प्रत्यक्ष तोलणे काहीच उरले नव्हते. पण तराजू धरणारा मनुष्य गेला नाही. दुसऱ्या शतकातल्या गायस नावाच्या कायदेपंडिताने हे सारे वर्णन करून ठेविले आहे, आणि त्याच्या ग्रंथाची जवळजवळ संपूर्ण प्रत १८१६ साली व्हेरोनाच्या ग्रंथालयात सापडली. तिच्यावर नंतरच्या काळी दुसराच मजकूर लिहिलेला होता. गायस त्या शाईखाली दडून बसला होता. गहाळ झालेले कागद कोठे सापडतील ह्याचा नेम नसतो, हे माझ्याइतके फार थोड्यांना पटेल.

तोलण्याच्या ह्या अर्थापासून इंग्रजीत जो परिवार वाढला तो पाहून मी थक्क झालो. खर्चाला 'एक्स्पेन्स' म्हणतात, तो तोलून बाहेर काढलेला पैसा. रोमन शिपायाचा पगार म्हणजे 'स्टायपेंड'. आज तो शब्द उमेदवार डॉक्टरांच्या वाट्याला आला आहे. औषधे तोलून देण्याची जागा ती 'डिस्पेन्सरी'. इंग्रजांचा पौंड ह्याच कुळातला. कल्पना मनाच्या तराजूत घालणे म्हणजे 'पॉन्डर' करणे. फ्रेंचांचा विचार करणे ह्या अर्थाचा शब्दही तोलण्यातूनच निघाला, आणि त्या फ्रेंच विचारावरून 'पॅन्सी' ह्या फुलाला नाव मिळाले. हॅम्लेट नाटकातली वेडी ओफेलिया विचारांची खूण म्हणून ते फूल देते, त्याचे कारण हे. आणि त्याच परिवारात एक शब्द होता जो आमच्या घरी फार आदराने उच्चारला जाई: 'पेन्शन'. सस्पेन्शन आणि पेन्शन! एक शब्द कानी आला की आईचा चेहरा उतरे, दुसरा आला की खुले. आणि दोघांची आई एकच. वसतिगृहाच्या खोलीत मी त्या रात्री किती वेळ कोश मांडीवर घेऊन बसलो होतो ते आता आठवत नाही.

संस्कृताकडे वळलो तेव्हा आणखी मौज वाटली. आपल्याकडे 'लंब्' हा धातू नेमके तेच काम करतो. ज्याचे पोट लोंबते तो लंबोदर. घड्याळाचा लोलक तो लंबक, आणि इंग्रजीत तोच 'पेंड्युलम'. ओळंबा सोडला असता जी रेषा मिळते तिला आपण भूमितीत लंब म्हणतो, ते 'पर्पेंडिक्युलर' म्हणतात. दुसऱ्यावर अवलंबून असणे म्हणजे त्याला धरून लोंबणे. 'डिपेंड' ह्याचे अक्षरशः भाषांतर केले तर दुसरे काय होईल? पेंडिंग ते प्रलंबित आणि सस्पेंडेड तो निलंबित, हे शब्द शासनव्यवहार मराठीत आणताना योजले गेले असतील, पण ते योजणाऱ्याला धातू शोधीत दूर जावे लागले नाही. राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. अण्णांच्या हुकुमावर 'निलंबित' असेच लिहिलेले होते. 'सस्पेंड' म्हणत होते ते लोक.

'विलंब' हादेखील ह्याच धातूचा. जे लोंबते त्याला वेळ लागतो, हे आपल्या पूर्वजांनी सरकारी कचेऱ्या निघण्याच्या कितीतरी आधी ओळखले होते. गवई विलंबित ख्याल मांडतो तेव्हा आपण मिनिटामिनिटाला घड्याळ पाहत नाही. आवर्तन कितीही लांबले तरी गवई समेवर येणार, ही खात्री असते. अण्णांच्या विलंबितात सम कोठे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. अण्णांच्या कचेरीतले एक वृद्ध सहकारी रविवारी गुपचूप येऊन बसत. ते म्हणत, "दादासाहेब, कागद पेंडिंग आहे म्हणतात, म्हणजे घोडे कोठेतरी पेंड खाते आहे." ह्या व्युत्पत्तीला कोणताही कोश मान्यता देणार नाही. तरी त्या घरात त्या वर्षी मोकळेपणाने हसू आले ते तेवढ्याच वाक्याला.

मराठीत 'सस्पेन्स' ह्याला नेमका प्रतिशब्द नाही, असे माझे काही व्यवसायबंधू म्हणतात. त्यांना 'जीव टांगणीला लागणे' हा वाक्प्रचार आठवत नसावा. वाण्याच्या चोपडीतही ज्या रकमेचा ठिकाणा लागत नाही ती 'उचंत' खाती पडते. इंग्रज हिशेबनीस त्याच खात्याला 'सस्पेन्स' म्हणतो. कोणत्याही पक्षाला बहुमत न मिळाले तर इंग्रजीत लोकसभा 'हंग', म्हणजे कोटासारखी, लोंबते. आपण तिला त्रिशंकू म्हणतो, आणि येथे आपला शब्द मला कांकणभर सरस वाटतो. सदेह स्वर्गात जाण्याच्या हट्टापायी विश्वामित्राच्या तपोबलावर वर गेलेला आणि इंद्राने खाली लोटलेला तो राजा, डोके खाली पाय वर अशा अवस्थेत मध्येच राहिला. फासावरच्या मनुष्याचे दुःख संपते. त्रिशंकूचे संपत नाही.

टांगत्या तलवारीची गोष्ट मात्र आपल्याकडे परदेशातून आली. सिसेरोने ती सांगितली आहे. सिराक्यूजचा राजा डायोनिसियस ह्याच्या वैभवाची स्तुती करणाऱ्या डॅमोक्लीझला राजाने आपल्या सोन्याच्या पलंगावर बसविले, पुढे पंचपक्वान्ने मांडली आणि वर घोड्याच्या एका केसाला बांधून तलवार सोडली. बिचाऱ्याचा घास घशाखाली उतरेना. ही कथा मी वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. पण निलंबनाला ती लागू करतात तेव्हा मला ती थोडी चुकीची वाटते. डॅमोक्लीझ बसलेला होता. टांगलेली होती ती तलवार. शिवाय त्याने उठून जाण्याची परवानगी मागितली आणि त्याला ती मिळाली. रोमच्या इतिहासात दुसरी एक तलवार आहे, ती मला अधिक जवळची वाटते. परंपरेने ख्रिस्तपूर्व ३९० साल मानतात. गॉल टोळ्यांनी रोम जिंकले आणि हजार पौंड सोने खंडणी ठरली. सोने तोलताना वजने खोटी असल्याची तक्रार रोमन लोकांनी केली, तेव्हा गॉलांचा नायक ब्रेनस ह्याने आपली तलवार काढून वजनांच्या पारड्यात टाकिली. तराजू तोच आणि काटाही तोच राहिला. पारड्यात काय टाकावयाचे हे ठरविणारा तेवढा बदलला.

आता कायदा पुष्कळ सुधारला आहे, हे सांगणे न्यायाचे होईल. शिक्षा होऊन अपील चालू असलेल्या निलंबित नोकराला महिना एक रुपया निर्वाहभत्ता देण्याची तरतूद आपल्याच राज्याच्या नियमांत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९८३ साली रद्द केली. २०१५ साली त्याच न्यायालयाने सांगितले की तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही, तर निलंबन त्यापुढे लांबवू नये. तो निकाल वर्तमानपत्रात वाचला त्या दिवशी मी मनाशी चौदातून तीन वजा केले. अण्णांना आरोपपत्र मिळाले होते आठव्या महिन्यात.

ते कागद सापडले. दुसऱ्याच एका प्रकरणाच्या बासनात, सुतळीने बांधलेले, ज्या शाखेने मागवून नेले होते त्याच शाखेत. कोणी चोरले नव्हते की लपविले नव्हते. न्यावयास कोणी आले तेव्हा नोंद केली नव्हती आणि परत करावयाचे राहून गेले, इतकेच. १९८० च्या भाद्रपदात अण्णा पुन्हा कामावर रुजू झाले. हुकुमात एक वाक्य होते: निलंबनाचा काळ सर्व प्रयोजनांसाठी कर्तव्यकाळ समजण्यात यावा. अण्णांनी ते आम्हा सर्वांना मोठ्याने वाचून दाखविले. चौदा महिने बाहेरच्या खोलीत बसून काढले, ते कचेरीत बसून काढले असे समजावयाचे होते. त्यांनी पिशवी खुंटीवरून काढली तेव्हा भिंतीवर तिच्या आकाराचा एक फिकट चौकोन राहिला होता. पुढच्या दिवाळीत रंग दिला तेव्हा तो गेला.

राहिलेल्या पगाराची रक्कम यावयास आणखी वर्ष लागले. ती हाती येताच अण्णा आईला घेऊन त्याच सोनाराकडे गेले. मध्यंतरी सोन्याने उसळी घेतली होती. १९८० च्या आरंभी तर साऱ्या जगात भाव भडकले होते. ज्या पैशात चार तोळे मोडले होते त्या पैशात घट आणि मजुरी धरून अडीच तोळ्यांच्या पाटल्या झाल्या. आईने त्या हातात घातल्या आणि छान झाल्या आहेत म्हणाली.

अण्णा यथाकाळ सेवानिवृत्त झाले. त्यांची पेन्शन पूर्ण बसली; ते चौदा महिनेही तिच्यात धरले गेले. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी त्यांना बँकेत नेत असे. अशाच एका नोव्हेंबरात, परत आल्यावर चहा होईपर्यंत, मी त्यांना ह्या साऱ्या शब्दांची गोष्ट सांगितली. ते दप्तराचे मनुष्य. एका बासनातून दुसरे निघते ह्याची त्यांना गोडी होती. सस्पेन्शन आणि पेन्शन एका मुळाची, हे ऐकून ते पोट धरून हसले. "म्हणजे आधी टांगले आणि मग तोलले," ते म्हणाले, "क्रम बरोबर आहे." मला चेव आला. मी म्हणालो, अण्णा, 'कॉम्पेन्सेशन' हा शब्दही त्यातलाच. भरपाई. एका पारड्यात झालेले नुकसान ठेवायचे, दुसऱ्यात तितकेच काहीतरी ठेवायचे आणि काटा मध्यावर आणायचा.

आई चहा घेऊन बाहेर आली. तिने कपबशी त्यांच्यापुढे ठेविली तेव्हा पाटल्या बशीवर किणकिणल्या. अण्णांनी तिच्या मनगटाकडे पाहिले.

"दीड तोळा कमी भरले रे," ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतू लागले.